नाटकातल्या म्हाताऱ्याचा तांब्या

माझ्या धाकट्या भावाने नाटक लिहिलं आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या तोंडचं पाणी पळालं. नाटकाने कुणाचं बाळंतपण अडतं का, असं तुम्ही म्हणाल. माझं अडलं होतं, म्हणून तर सांगतेय.

निजामाचं राज्य होतं आणि लढाईचे दिवस होते. आमचं गाव पोखर्णीच्या जवळच. भाऊ औरंगाबादला कॉलेजात शिकत होता. सुट्टीत घरी आला की आम्हा सगळ्यांना काहीच कळत नाही असं त्याचं मत होई, आणि ते तो लपवूनही ठेवत नसे. त्या वर्षी त्याने जाहीर केलं की पोखर्णीला नृसिंहाच्या जत्रेत आपल्या गावच्या पोरांचं नाटक होणार आणि त्यात देव नसणार, राक्षस नसणार, गाणं तर मुळीच नसणार.

"मग काय असणार रे?" मी विचारलं.

"माणसं असणार, अक्का. खरी माणसं."

"ती तर वेशीत बसलेली असतात. त्यांना बघायला पोखर्णीला कोण जाईल?" मी म्हटलं. तो फणकारून निघून गेला. आमच्या घरात नाटककार जन्मला होता, आणि त्याला चेष्टा सहन होत नव्हती.

माझे दिवस भरत आले होते. पहिलं बाळ सासरी जन्मलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. त्याचं मी इथे फार बोलणार नाही, अजूनही बोलवत नाही. एवढंच, की या खेपेला मी सासूबाईंच्या पाया पडून सांगितलं होतं, मला माहेरी पाठवा, माझं बाळंतपण आमच्या सुईणमायच्याच हातून होऊ द्या. त्यांनी पाठवलं. जीव मुठीत धरून मी आले होते, आणि त्या मुठीला आधार एकच, सुईणमाय.

सुईणमाय म्हणजे न्हाव्याच्या घरची विधवा. अर्धं गाव तिच्या हातचं. हात मोठे, नखं कापलेली, सदा एरंडेलाचा वास. बोलायला तिखट. बाळंतीण ओरडायला लागली की म्हणायची, "ओरड, ओरड, तुझ्या नवऱ्याला ऐकू जाऊ दे." मीही तिच्याच हातची आणि भाऊही. आणि तहसिलीतल्या कागदाप्रमाणे आमचे वडीलही.

हे कागदाप्रमाणेचं मला आईने लग्नाआधी सांगितलं होतं. भावाला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

आमचे वडील, अण्णा, मूळचे नगरकडचे, इंग्रजी मुलखातले. तिकडे दुष्काळ पडला, घरातली माणसं पटकीत गेली, आणि मिसरूड फुटलेला हा मुलगा चालत चालत मोगलाईत आला. आमच्या गावाच्या वेशीत तापाने पडला. सुईणमायने उचलून आपल्या ओसरीवर आणला, पेज पाजली, उभा केला. पुढे मशिदीतल्या मौलवींकडे अण्णा उर्दू शिकले. अक्षर मोत्यासारखं. परभणीच्या करोडगिरीत, म्हणजे सरकारी जकातीत, मुन्शीची, कारकुनाची जागा मिळत होती. पण सरकारी नोकरीला माणूस मुल्की लागायचा. निजामाच्या मुलखात जन्मलेला, आणि तसा कागद असलेला. अण्णांजवळ कुठला असणार?

तेव्हा सुईणमाय तहसिलीत गेली. जाताना पदरात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा बांधून नेला. आमच्याकडे बेलभंडार उचलून बोललेलं खोटं असत नाही, असं सगळे धरून चालतात. तहसीलदारापुढे तिने तो ओंजळीत घेतला आणि म्हणाली, "ह्याची नाळ मी कापली. आमच्या गावात, ह्याच हातांनी." गावची माणसं कचेरीबाहेर उभी होती. कुणी ब्र काढला नाही. कागद झाला. अण्णा मुल्की झाले, नोकरदार झाले, आमच्या आईचे नवरे झाले.

आणि भित्रे झाले. हेही सांगायला पाहिजे. अण्णा जुम्म्याच्या, शुक्रवारच्या सुट्टीला घरी येत. रस्त्यात सुईणमाय समोरून आली तर खाली मान घालून जात. दिवाळीला तिला लुगडं-चोळी जाई ती आईच्या हातून, मागच्या दाराने. कुणी दोघांना बोलताना बघितलं, कुणाला काही आठवलं, कुणी परभणीत जाऊन काही सांगितलं तर? ही धास्ती त्यांना जन्मभर होती. सुईणमायने कधी तक्रार केली नाही. आई म्हणायची, "तिला काय वाटत असंल?" अण्णा म्हणायचे, "तिला समजतं." मला त्या उत्तराचा फार राग यायचा.

आता भावाचं नाटक ऐका. इंग्रजी मुलखातून दुष्काळात एक तरुण मोगलाईत येतो. एक म्हातारा त्याला आसरा देतो. नोकरीसाठी म्हातारा बेलभंडार उचलून खोटी शपथ घेतो, की हा इथेच जन्मला. पुढे खोटं उघडं पडतं. तरुण कचेरीत सांगतो, "मी ह्या म्हाताऱ्याला ओळखत नाही," आणि सुटतो. गाव म्हाताऱ्याला वाळीत टाकतं. शेवटच्या प्रवेशात म्हातारा उन्हात दारापुढे तांब्या घेऊन उभा राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देऊ करतो, कुणी घेत नाही. तो तरुणही छत्री उघडून तोंड फिरवून जातो. म्हातारा तसाच उभा. पडदा.

औरंगाबादच्या कुण्या दोस्ताच्या वडिलांची गोष्ट म्हणे. आपल्याच घरात तीच गोष्ट दर जुम्म्याला ताट-पाट घेऊन जेवायला बसते, याची आमच्या नाटककारांना गंधवार्ता नव्हती.

जत्रेतला खेळ मी बघितला नाही. मला गाडीत बसवत नव्हतं. सुईणमाय मात्र गेली, गावातल्या बायांबरोबर, भाकरी बांधून. अण्णा गेले नाहीत, परभणीलाच राहिले. लढाईपायी रॉकेल मिळत नव्हतं म्हणून नाटक दुपार कलल्यावर सुरू होऊन दिवेलागणीच्या आत संपवलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषय नाही. आमच्या ओसरीवर येऊन माणसं मतं देऊन जात होती आणि भाऊ गंभीर तोंड करून ऐकत होता.

"बाबा रे, घरी जे चालतंय तेच पोखर्णीत जाऊन बघायचं? एखादा नरसिंह तरी फाडून दाखवायचा की," कुंभार म्हणाला.

किराणावाले अप्पा गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणाले, "खोटं बोलला ते बोलला. पोटासाठी माणूस बोलतो. पण शपथ कामून घ्यायची? देवाला मधी कामून आणायचं?"

"देवाला मधी आणल्याबगर तहसीलदार ऐकतोय का, अप्पा?"

"मग त्यानं मरायचं होतं."

"कुणी? म्हाताऱ्यानं का पोरानं?"

 अप्पा उद्या सांगतो म्हणून गेले, आणि दुसऱ्या दिवशी खरंच आले, पण उत्तर तेच घेऊन.

बायांचं निराळंच. विहिरीवर एकजण म्हणाली, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. गावानं टाकल्यावर त्या म्हाताऱ्याला भाकर कोण करून घालायलंय, ते न्हाई दाखवलं तुझ्या भावानं." दुसरी म्हणाली, "आन् त्या छत्रीवाल्याची बायको कशी गप ऱ्हायली? मी असते तर छत्रीच मोडली असती त्याच्या पाठीत." मला हसू आलं, आणि मग आमची आई डोळ्यांपुढे आली. ती इतकी वर्षं गपच होती की.

 पाटलांनी मात्र जाताना फक्त भावाला विचारलं, "नाटकातलं गाव कुठलं रे?"

"कुठलं बी, काका. आपलंच समजा."

"न्हाई. आपलं न्हाई," पाटील म्हणाले आणि काठी टेकत गेले. भावाला ते कळलं नाही. मला कळलं. म्हणजे गावात जुन्या माणसांना सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी ते सांभाळलं होतं.

सुईणमाय जत्रेहून आली ती घरात बसली. एरवी दिवसाआड येऊन माझं पोट बघायची. आली नाही. आईने बोलावलं तर निरोप आला, बरं वाटत नाही. शेवटी मीच गेले, पोट सांभाळत, कमरेवर हात ठेवून.

ती ओसरीवर बसली होती, तीच ती अण्णांची ओसरी. मला बघून उठली नाही.

"दुसरीला बोलवा," म्हणाली. "पाथरीची एक हाय, चांगली हाय. सांगावा धाडते मी."

"माय, असं काय करतीस? मी तुझ्यासाठी आले."

"माझे हात न्हाई लावायची मी तुला."

"कामून?"

तिने आपले हात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाली, "तुझ्या भावानं लिव्हलंय ते ऐकलं मी. म्हातारा म्हणतो, खोट्या शपथेचा हात ज्याला लागंल त्याची वेल वाढायची न्हाई. तुझं पहिलं गेलं की गं. तू त्याचीच लेक. माझ्याच हातची. मग कशानं गेलं ते?"

बाई गं!   मी कसंबसं म्हटलं, "माय, तू तर त्यांना जगवलंस. एक प्रकारे तुझ्याच हातून जन्म झाला की त्यांचा."

"असं शब्द फिरवून मला नको सांगू," ती म्हणाली.  "मी नाळ कापली म्हणाले. मी नाळ कापली न्हाई. खोटं ते खोटंच. तवा बोलले, आज बी बोलीन. पण तुझ्या लेकराला त्याची झळ नको लागू दे. जा आता, उन्हं वाढायलीत."

मी रडत घरी आले. आईने कारण विचारलं, मी सांगितलं, आणि आईने नाटककाराला आत बोलावून पुरती गोष्ट सांगून टाकली. त्याचं तोंड मी अजून विसरले नाही. देवळीतला दिवा विझावा तसा पोरगा विझला. तसाच उठून सुईणमायकडे पळत गेला, तिच्या पायांवर पडला. नाटक बंद करतो म्हणाला, वाक्य काढतो म्हणाला, शेवट बदलतो म्हणाला.

"कामून बदलतोस?" ती त्याला म्हणाली. "चूक काय लिव्हलंस? गावात खेळ ठरलाय तो कर. लोकं वाट बघायलीत." एवढं बोलून आत गेली.

खेळ ठरला होता खरा, येत्या जुम्म्याला, मारुतीच्या पारापुढे. परवानगी काढलेली, आणि परवानगी म्हटली की पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब बघायला येणार, कारण नाटकात सरकारविरुद्ध काही नाही ना, हे पोलिसांना बघायचं असे. गुरुवारी अण्णा घरी आले. आईने त्यांनाही सगळं सांगितलं. ते जेवले नाहीत. माझ्याजवळ येऊन बसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "पाथरीची बाई बोलवू या का?" एवढंच म्हणाले. मी त्यांचा हात झटकला. हो, झटकला. "छत्री घेऊन जा तिच्या दारावरून," असं म्हणाले मी वडिलांना. पोटातली भीती अशी तोंडातून बाहेर पडते.

जुम्म्याला दुपारी सगळं गाव पारापुढे जमलं. मीही गेले, आईच्या खांद्याला धरून, बायांच्या मागे पोत्यावर बसले. सुईणमाय आली. यायची नाही असं वाटलं होतं, पण आली आणि लिंबाखाली एकटीच टेकली. पुढे खुर्चीवर अमीनसाहेब, शेजारी पाटील. अण्णा नोकरदार म्हणून त्यांनाही पुढेच बसवलेलं. डोक्याला घाम.

पोरांनी काम बरं केलं. तहसीलदार झालेल्या पोराला अमीनसाहेबांनी चुकून उठून सलाम केला, तेव्हा हशा पिकला. बेलभंडार उचलायचा प्रवेश आला आणि सगळे चिडीचूप. मी लिंबाकडे बघितलं नाही.

शेवटचा प्रवेश. म्हातारा झालेला पोरगा, दाढीला कापूस चिकटवलेला, तांब्या पुढे धरून उभा. एकजण गेला, पाणी घेतलं नाही. दुसरा गेला, घेतलं नाही. छत्रीवाला तोंड फिरवून गेला. आता पडदा पडायचा. पडदा म्हणजे आमच्याच घरची सतरंजी, दोघांनी धरलेली. भाऊ पाराआड उभा होता. त्याने खूण करायची होती. त्याचा हातच उठेना, असं त्याने मला नंतर सांगितलं. म्हातारा आपला तांब्या धरून उभा. हात खाली झुकायला लागला, कारण तांब्या खरोखर भरलेला होता.

आणि अण्णा उठले.

सगळ्यांपुढून, अमीनसाहेबांच्या खुर्चीपुढून गेले. पायातल्या वहाणा काढल्या, पारावर चढले, म्हाताऱ्यापुढे वाकून ओंजळ धरली. त्या पोराला कळेना काय करावं. असं काही नाटकात नव्हतंच. मग त्याने पाणी ओतलं. अण्णा प्याले. गटागट नाही, हळू, पुरती ओंजळ. मग ओले हात तोंडावरून फिरवून तिथेच उभे राहिले, लिंबाकडे तोंड करून. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे चारचौघांत मान वर करून कधी बघितलं नव्हतं. तेव्हा बघितलं.  आईने माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

"ये कौन है? क्या हुआ?" अमीनसाहेबांनी विचारलं.

माझा जीव टांगणीला. अण्णांची नोकरी, कागद, सगळं त्या एका प्रश्नात लटकलेलं.

पाटील शांतपणे म्हणाले, "प्यासा है साब. धूप कित्ती है देखो." मग काठी टेकून तेही उठले. "मेरे कू बी प्यास लगी." पारावर गेले आणि त्यांनी ओंजळ धरली.

मग काय विचारता! कुंभार उठला. मागून विहिरीवरच्या दोघी डोक्यावर पदर घेऊन गेल्या. किराणावाले अप्पा बसूनच होते. त्यांचं शपथेविषयीचं मत काही बदललं नव्हतं. "मला हे पटलेलं न्हाई," असं मोठ्याने सांगत तेही चढले आणि प्याले. तांब्या रिकामा झाला. कुणीतरी घागर आणली. म्हातारा झालेला पोरगा पाणी वाढून वाढून दमला, त्याची दाढी निघून आली. अमीनसाहेब म्हणाले, "अजीब ड्रामा है," आणि निघून गेले.

सगळ्यांच्या गर्दीतून मी लिंबाखाली बघितलं. सुईणमाय तिथे नव्हती. मी आईला म्हटलं, "गेली गं ती." आईने माझा हात धरून मला उठवलं.

पहाटे कोंबडा आरवला तेव्हा कळा सुरू झाल्या. आई घाबरून अण्णांना म्हणाली, जा, बोलवा तिला, पाया पडा. अण्णा वहाणा शोधत दाराशी गेले आणि त्यांनी कडी काढली, तर सुईणमाय अंगणात उभी. हातात एरंडेलाची वाटी, पदराला गाठ.

"पाणी तापवा," म्हणाली. "आन् तुमी बाहीर बसा, मुन्शी. मधी मधी करू नका."

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. तिचा आवाज आठवतो, "ओरड, ओरड." तिचे हात आठवतात. उन्हं अंगणात आली तेव्हा माझी लेक जन्मली. मोठ्याने रडली. सुईणमायने नाळ कापली, लेकीला पुसलं, माझ्या कुशीत दिलं. मग तिच्या तोंडाकडे बघत बसली, फार वेळ.

अंगणात तुळशीच्या कडेला अण्णांनी खड्डा खणला. तिथे तिने नाळ पुरली, माती दाबली. अण्णांनी तिच्या हातांवर पाणी घातलं, दिवसाउजेडी, शेजारीपाजारी बघत असताना. हात धुतल्यावर तिने पदराची गाठ सोडली. आत बेलाचं पान होतं आणि चिमूटभर भंडारा. मी आतून, दारातून बघत होते. तिने ते ओंजळीत घेतलं आणि उभी राहिली, जशी तहसिलीत उभी राहिली असेल तशी. इथे अमीनसाहेब नव्हते, तहसीलदार नव्हता, कुणी काही विचारलंही नव्हतं.

"हिची नाळ मी कापली," ती म्हणाली. "आमच्या गावात, ह्याच हातांनी."

अण्णा मातीतच खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. तिने भंडाऱ्याचं बोट त्यांच्या कपाळाला लावलं. मग आत येऊन माझ्या लेकीला लावलं, आणि म्हणाली, "आता हिला चोळायचं तेल कुठं ठिवलंय ते सांग."